सिनेमा न बघितलेल्या काकूंचं मत

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या वाचनकट्ट्यावर मागच्या महिन्यात एक जुनं कॉमिक फिरलं. १९८९ सालच्या बॅटमॅन सिनेमावरून डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीने त्याच वर्षी काढलेलं. लेखन डेनिस ओनील, चित्रं जेरी ऑर्डवे. प्रत माझी, म्हणजे मामाने कधीतरी मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेली आणि पुढे माझ्याकडे आलेली. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात ते वरच्या फळीपर्यंत चढलं, आणि हे पुस्तक नेमकं त्या फळीवर होतं. निम्मं भिजलं. पानापानांत वर्तमानपत्र घालून वाळवलं, इस्त्री फिरवली, तरी मधली चार पानं एकमेकांना धरून बसली ती बसलीच. खालच्या कडेला अजून मातकट रेघ आहे.

विषय निघाला तो खरेदीच्या यादीवरून. आमच्या छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे बालविभागाची यादी आली होती आणि तिच्यात सुपरहिरोंच्या सिनेमांवरून केलेली सहा कॉमिक्स कुणीतरी घातली होती. एक सभासद म्हणाले, "पोरांनी पिक्चर बघितलेत की सगळे. मग तेच छापील कशाला?" दुसरे जरा रागानेच म्हणाले की ही पुस्तकं नव्हेतच, जाहिराती आहेत, आणि अनुदानाच्या पैशात जाहिराती घ्यायच्या का? प्रश्न टाकाऊ नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे जे अनुदान येतं त्यात पगार, वीजबिल, मासिकं, पुस्तकं सगळं बसवायचं असतं. मुलांच्या कपाटाच्या वाट्याला येतं ते हातात मावेल एवढं. तेव्हा असं ठरलं की घ्यायचं की नाही हे नंतर, आधी या जातीचं एखादं वाचू तर खरं. घरात एक आहे म्हणून मी माझंच नेलं.

पहिलं मत भाच्याचं. नववीत आहे, सिनेमा त्याने मोबाइलवर दोनदा बघितलाय. त्याने अर्ध्या तासात पुस्तक संपवलं आणि निकाल दिला, "सिनेमासारखं नाही. गाणी कुठायत?" खरं आहे. त्या सिनेमात जोकर आपली टोळी घेऊन संग्रहालयात शिरतो आणि प्रिन्स या गायकाच्या गाण्यावर नाचत चित्रांची नासधूस करतो. कागदावर कुठलं गाणं वाजणार?

दुसरं मत आमच्या पेंटरचं. फ्लेक्स येण्याआधी सांगलीच्या टॉकीजांची बोर्डं रंगवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. पोस्टकार्डाएवढ्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी वीस फुटी बोर्डावर आखायच्या आणि एकेक चौकट भरत हिरोचा चेहरा उभा करायचा, हा त्यांचा हातखंडा. त्यांनी पुस्तक लांब धरून जॅक निकल्सनचा जोकर बघितला, मग जवळ आणून बघितला आणि म्हणाले, "चेहरा कुठं ढळला नाही. हात पक्का आहे गड्याचा." मग पुस्तक मांडीवर ठेवून पुढे म्हणाले, "पण बोर्डावर चेहरा लागतो कारण तिकीट खपवायचं असतं. ह्यात तिकीट आधीच खपलंय. मग नटाच्या तोंडासाठी एवढी मरमर कशाला?"

तिसऱ्या वाचणाऱ्या काकू. हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात त्यांनी जन्मभर हिशेब लिहिला. इंग्रजी अक्षर लावून लावून वाचतात, पण सोडत काही नाहीत. सिनेमा बघितलेला नाही, बॅटमॅन कोण हे ऐकून माहीत. त्यांना चार दिवस लागले. परत देताना म्हणाल्या, "मधली पानं चिकटलीत, तिथं काय झालं ते कळलं नाही."

मी भाच्याला विचारलं, तुला ती चार पानं अडली नाहीत का? त्याने पुस्तक उघडून बघितलं. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

मला जे म्हणायचं आहे ते या एवढ्याशा गोष्टीतून निघालं. पुस्तकातली चार पानं गायब आहेत आणि वाचणाऱ्याला पत्ता नाही, याचा अर्थ तो पुस्तक वाचतच नव्हता. डोक्यातला सिनेमा त्याने पुन्हा एकदा चालवला, पानं नुसती आठवण करून द्यायला होती. त्याला कशाला बोलू, गेली वीस वर्षं मीही हेच पुस्तक असंच वाचत आलोय आणि "सिनेमाची सर नाही" असं सांगत आलोय. ही मतं सिनेमाबद्दलची आहेत, पुस्तकाबद्दलची नाहीत. सिनेमावरून काढलेल्या कॉमिकवर मत द्यायचा पहिला मान ज्याने तो सिनेमा बघितलेला नाही त्याचा. आमच्या कट्ट्यावर तो काकूंचा होता.

"सिनेमासारखं हवं" ही अपेक्षा आली कुठून तेही बघायला हवं, कारण एके काळी ती रास्त होती. तो बॅटमॅन अमेरिकेत २३ जून १९८९ ला लागला आणि घरी बघण्याची व्हिडिओ कॅसेट नोव्हेंबरात आली. मधले पाच महिने सिनेमा घरी न्यायचा तर कॉमिक न्यायचं, दुसरी सोय नव्हती. आपल्याकडे तर इंग्रजी पिक्चर टॉकीजला लागला त्या आठवड्यात बघितला तर बघितला, नाहीतर गेला. अशा दिवसांत सिनेमाची हुबेहूब छापील आठवण विकत घेणं शहाणपणाचं होतं. आज तोच सिनेमा भाच्याच्या खिशात आहे. आठवण करून देण्याचं काम संपलं, आणि त्या कामाची मोजपट्टी मात्र आपण अजून कंबरेला लावून फिरतोय.

बरं, हुबेहूब काढायचं म्हटलं तरी ते चित्रकाराच्या हातात कुठे असतं? सिनेमा पडद्यावर यायच्या सुमारास अंक दुकानात हवा, म्हणजे चित्रं काही महिने आधी सुरू करावी लागतात. तेव्हा हाती असते पटकथा आणि असलेच तर काही फोटो. शेवटच्या काटछाटीत काय उडणार हे त्याला कुणी सांगत नाही. याचा सगळ्यात गमतीचा नमुना १९७७ चा. डीसीसारख्याच मार्व्हल कंपनीचं स्टार वॉर्सचं कॉमिक सिनेमाच्या आधी विक्रीला आलं. पटकथेत जबा नावाच्या गुंडाचा प्रसंग होता, म्हणून तो कॉमिकात आला, दोन पायांवर चालणारा, वॉलरससारख्या तोंडाचा पिवळसर प्राणी होऊन. सिनेमातून तो प्रसंग उडवला गेला. १९८३ मध्ये तिसऱ्या सिनेमात जबा पडद्यावर आला तेव्हा ते एक अवाढव्य गोगलगाईसारखं धूड होतं. आता यात चुकलं कोण? माझ्या मते कुणीच नाही. तो पिवळा जबा अजून लोकांना आठवतो तो सिनेमासारखा नव्हता म्हणूनच.

ओनीलच्या पुस्तकात तर याहून मोठा पेच आहे. बॅटमॅनच्या आईबापांचा खून जो चिल नावाच्या गुंडाने केला, हे कॉमिकच्या वाचकांना १९४८ पासून पाठ. सिनेमावाल्यांनी तो खून तरुण जोकरच्या गळ्यात घातला. ओनील त्या काळात डीसीत बॅटमॅनच्या मासिकांचा संपादक होता. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर एका बाजूला मासिकातला खुनी आणि दुसऱ्या बाजूला सिनेमातला खुनी. इमान राखायचं कुणाशी? पन्नास वर्षांच्या गोष्टीशी की अडीच तासांच्या आत संपणाऱ्या सिनेमाशी? त्याने सिनेमाशी राखलं. हुकूमच तसा असणार. पण "मूळ" नावाची एक पवित्र वस्तू कुठेतरी आहे आणि तिच्याशी ताडून बघायचं, असं म्हणणाऱ्यांनी इथे कुठलं मूळ धरायचं ते एकदा सांगावं.

वाचकांचं मत काय चीज असते हे ओनीलइतकं फार थोड्यांनी जवळून बघितलं असेल. आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्याच्याच अमलाखाली डीसीने वाचकांना फोनवर कौल मागितला होता की बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन झालेला जेसन टॉड मरावा की जगावा. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी पोरगं मेलं. याच सुमारास मायकल कीटन या नटाला सिनेमात बॅटमॅन केल्याच्या निषेधाची पत्रं स्टुडिओकडे आली, आकडा ५०,००० सांगतात. तेव्हा सिनेमा कुणी बघितलेलाच नव्हता. पुढे त्याच कीटनला लोकांनी डोक्यावर घेतलं.

इथे कुणी मला पकडेल. म्हणेल, न बघता मत देणाऱ्यांनी केवढी फजिती केली ते तूच सांगतोस आणि न बघितलेल्या काकूंना पहिला मानही तूच देतोस. पण पत्रं लिहिणाऱ्यांनी ज्याच्यावर मत दिलं ती वस्तू बघितली नव्हती. काकूंनी ज्याच्यावर मत दिलं ती वस्तू चार दिवस अक्षर लावून वाचली होती. त्यांनी बघितली नव्हती ती दुसरीच.

तर काकूंचं मत काय पडलं? त्या म्हणाल्या, "गोष्ट कळली. साधा गुंड होता, पिंपात पडला, तोंड पांढरं झालं आणि डोकं फिरलं. तो दुसरा आईबापाचं दुःख धरून रात्रीचा हिंडतोय. पण ह्यात कुणी श्वासच घेईना बघा. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं."

मी त्या रात्री हिशेब मांडला, तोही काकूंच्याच पद्धतीने, कागदाला मध्ये घडी घालून. सिनेमा १२६ मिनिटांचा. कॉमिक साठ-पासष्ट पानांचं. म्हणजे पानाला दोन मिनिटं. दोन मिनिटांत पडद्यावर माणूस जिना उतरतो, थांबतो, काहीतरी आठवून मागे बघतो, बोलायचं टाळतो. पानावर पाच-सहा चौकटी. संवाद टाकता येत नाहीत कारण गोष्ट तुटेल, मारामारी टाकता येत नाही कारण पोरं त्यासाठीच घेणार. मग कात्री कशाला लागते? थांबण्याला. जिना जातो, मागे बघणं जातं. उरतो तो गोषवारा. बहुतेक सिनेमा-कॉमिकांचं दुखणं हेच आहे आणि ते फार निष्ठेतून आलेलं आहे. सगळंच घ्यायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? निम्मे प्रसंग सोडून दिले असते तर उरलेल्यांना श्वास मिळाला असता.

आणि कॉमिकला थांबता येत नाही असं थोडंच आहे. उलट थांबावं तर तिथेच. दोन चौकटींच्या मधली ती पांढरी पट्टी बघा. तिच्यात किती वेळ जातो हे चित्रकाराने सांगायचं नसतं, वाचणाऱ्याने भरायचं असतं. पहिल्या चौकटीत हात दाराच्या कडीवर, दुसरीत खोली रिकामी. सिनेमा तुम्हाला त्याच्या चालीने ओढत नेतो. इथे बोट पानावर ठेवून पाच मिनिटं बसा, कुणी उठवणार नाही.

सोडण्याची आणि बदलण्याची हिंमत केली तर काय होतं याचा दाखला जॅक कर्बी या अमेरिकन कॉमिक-चित्रकाराचा. १९६८ च्या "२००१: अ स्पेस ओडिसी" या सिनेमावर त्याने १९७६ मध्ये कॉमिक काढलं, म्हणजे आठ वर्षांनी. त्या सिनेमाच्या सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं कुणी अवाक्षर बोलत नाही. कर्बीने तिथे निवेदन घातलं, आपल्या धसमुसळ्या, ठसठशीत रेषांनी तो थंडगार सिनेमा पेटवून दिला. अनेकांना ते पटलं नाही. सिनेमाचं मौन मोडलं हा आरोप आजही होतो आणि तो खोटा नाही. मलाही काही पानांवर वाटतं की बाबा, जरा गप्प बस. पण त्याने ती गोष्ट पुढे मासिक म्हणून चालवली आणि तिच्या आठव्या अंकात एक यंत्रमानव जन्माला घातला, तोच पुढे मशीन मॅन नावाने मार्व्हलचा सुपरहिरो झाला. इमानदार नकलेतून असं लेकरू होत नाही.

आता जाहिरातीचा आरोप. यातला निम्मा मी मान्य करतो. मार्व्हल मधली काही वर्षं नव्या सिनेमाच्या आधी जुन्या सिनेमाची गोष्ट दोन-तीन अंकांत उजळणी म्हणून काढायचं, नाव प्रील्यूड. अव्हेंजर्सच्या सिनेमांतल्या "एंडगेम"च्या आधी "इन्फिनिटी वॉर"ची अशी तीन अंकांत उजळणी आली. सिनेमा बघून आलेल्याला त्यात नवं काही नाही, आणि न बघितलेल्याला इतकी पात्रं एकदम अंगावर येतात की हळदीच्या सौद्यात नवखा माणूस उभा राहावा तसं होतं. आमच्या यादीतल्या सहांपैकी चार याच जातीची निघाली. ती घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्या रागावलेल्या सभासदांना मी ते आनंदाने लिहून देतो.

पण "माहीत असलेली गोष्ट पुन्हा कशाला" हा प्रश्न निदान सांगलीत बसून विचारू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथे "सीता स्वयंवर" उभं केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे माहीत नसलेला एक तरी माणूस समोर होता का? सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ बघितला आणि तसं काही आपल्याकडे करा म्हणून सांगितलं. भाव्यांनी तसंच्या तसं केलं नाही. पदं सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी आयत्या वेळी आपापल्या बोलीत बोलायचं, अशी वेगळी रीत पाडली. लोक गोष्ट ऐकायला आले नव्हते, ती कशी सांगतात ते बघायला आले होते. कॉमिकात चौकटीच्या वर जी निवेदनाची पट्टी असते तो सूत्रधारच आहे. सिनेमाला तो सहसा नसतो. हा फुकटचा सूत्रधार हाताशी असताना त्याला "दरम्यान..." आणि "त्याच रात्री..." एवढंच बोलायला लावणारे लेखक बघितले की मला भाव्यांची आठवण येते.

आमच्याकडे हे एकदा फार छान जमलं होतं, सिनेमावरून नाही, पण जमलं होतं. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघत आणि त्यांच्या मराठी आवृत्तीत फँटम या इंग्रजी कॉमिकातल्या नायकाचा वेताळ झाला. मारुती चौकाजवळच्या एका टपरीवर चार आण्याला अंक एक दिवस वाचायला मिळायचा, कव्हर फाटलं तर आठ आणे. वेताळ हे काही भाषांतर नव्हे. आमच्या आजीच्या लेखी वेताळ गावकुसाबाहेर राहणारा, रात्री पालखी घेऊन निघणारा. त्यामुळे जंगलातल्या कवटीच्या गुहेतला तो जांभळ्या-निळ्या कपड्यांतला माणूस आम्हाला पहिल्या दिवसापासून ओळखीचा आणि थोडा भीतीचा वाटला. कुणा अनुवादकाने इमान मोडलं म्हणून तो आमचा झाला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तेव्हा टपरीवाल्याने उरलेले अंक किलोवर घातले. माझ्या वाट्याला अकरा आले.

आज हे सिनेमे हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत डब होऊन येतात, मराठीत सहसा नाहीत. भाचा बॅटमॅनची नक्कल हिंदीत करतो. सिनेमा डब करणं खर्चाचं काम असेल, पण कॉमिकात फुगे पुसून मराठी अक्षरं घालायला किती लागणार? शिवाय आवाज! इंग्रजी कॉमिकात ठोसा बसला की तेच दोन-चार शब्द. आपल्याकडे ठोसा फाडकन बसतो, काच खळ्ळकन फुटते, माणूस पाण्यात डुबुक्कन आणि चिखलात पचकन पडतो, काठी सपकन बसते, दार धाडकन आणि कडी खटकन. पेंटरना मी हे म्हटलं तर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला "खळ्ळ" असं लिहिलं, ळ ला ळ जोडताना दुसऱ्याच्या पोटातून तडा गेल्यासारखी रेघ काढली. काच फुटलेलीच दिसली.

यादीचं काय झालं ते सांगतो. सहांतली दोन घ्यायची ठरली, जी सिनेमा न बघितलेल्या माणसाला वाचता येतील ती. ती कुठली हे ठरवायचं काम काकूंकडे दिलंय. एका सभासदाने नाक मुरडलं, हळदीचा हिशेब लिहिणारी बाई सुपरहिरो निवडणार म्हणून. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भाच्याने त्यांना त्या चिकटलेल्या पानांतला भाग मोबाइलवर दाखवायला काढला होता. काकूंनी हाताने तो बाजूला सारला. म्हणाल्या, "राहू दे. मी लावलंय ते. मधे कुणीतरी त्याला धरून बसवून जेवायला घातलं असणार. त्याशिवाय एवढा पुढं लढतोय होय?"